गळका नळ आणि हौशी कारागीर

शाळेच्या वार्षिकात विज्ञानशिक्षकाने लेख लिहावयाचा म्हणजे तो ग्रहताऱ्यांवर किंवा अणूवर असावा, अशी साधारण अपेक्षा असते. यंदा मात्र मी आपणांस ज्या ठिकाणी नेणार आहे ते ठिकाण स्वयंपाकघरातील सिंकच्या खाली आहे. तेथे अंधार असतो, वाकावे लागते, गुडघे दुखतात. आणि एवढे करून जे दिसते ते खरे असतेच असे नाही. ही शेवटची गोष्ट मला पुष्कळ महाग पडली, म्हणून हा लेख.

२०२३ च्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या आईने सिंकखालच्या कपाटातून रांगोळीचा डबा बाहेर काढला. रांगोळीचा पार गोळा झाला होता. कपाटाची फळी फुगली होती आणि तिच्यावर बशीएवढे थारोळे साचले होते. त्याच वेळी फराळाचे ताट घेऊन आलेल्या शेजारच्या बेन ते पाहून म्हणाल्या, “तमारी चकली टपके छे!” पुण्याहून आलेला माझा लहान भाचा त्या क्षणी चकलीच खात होता. त्याने ती डोळ्यांपुढे धरून उलटसुलट पाहिली. आपणां बडोदेकरांस हे सांगावयास नको, परंतु परगावच्या वाचकांसाठी सांगतो की, गुजरातीत नळाच्या तोटीला ‘चकली’ म्हणतात, आणि चकली म्हणजे चिमणीही. इंग्रजीत तोटीला ‘कॉक’ म्हणजे कोंबडा म्हणतात. तोटी आणि पक्षी यांचे हे नाते दोन भाषांना कसे सुचले कोण जाणे!

घर पाहुण्यांनी भरलेले. ताई, भाऊजी, मुले मिळून नऊ माणसे. आमच्या पोळात महानगरपालिकेचे पाणी सकाळी ठराविक वेळीच येते. बाकीचा सर्व दिवस गच्चीवरील पाचशे लिटरच्या टाकीवर काढावयाचा. दुसऱ्या दिवशी पहाटे, नळाला पाणी येण्यापूर्वीच, नऊ जणांचे अभ्यंगस्नान व्हावयाचे होते. नळकारागिराला दूरध्वनी केला. आमच्या भागात काम करणारे हे कारागीर ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्याचे. त्या जिल्ह्यातील पट्टामुंडाईच्या परिसराने देशभरच्या शहरांना नळाचे कसबी कामगार पुरविले आहेत. तो बिचारा सणासाठी गावी गेला होता. तेव्हा पाना माझ्याच हाती आला.

आता सिंकखाली काय असते ते आधी पाहू. आपल्याकडे पूर्वी मोरी होती आणि मोरीवर भिंतीतून आलेली एक तोटी. तिचे सर्व काही डोळ्यांसमोर असे. सिंक आले आणि तोटी सिंकच्या माथ्यावर जाऊन बसली. तिला पाणी पुरविणारा मार्ग खाली कपाटात दडला. भिंतीतून अर्ध्या इंची नळाचे तोंड बाहेर येते. त्या तोंडात एक लहानशी काटकोनी तोटी बसविलेली असते. तिला सर्वजण ‘अँगल कॉक’ म्हणतात. पाणी तिच्यात भिंतीकडून शिरते आणि काटकोनात वळून वरच्या तोंडाने बाहेर पडते. त्या वरच्या तोंडाला नटाने जोडलेली, तारेच्या विणीने मढविलेली लवचीक नळी पाणी सिंकवरील तोटीपर्यंत नेते. ती ‘कनेक्शन पाइप’. अँगल कॉकची मूठ भिंतीच्या विरुद्ध बाजूस, म्हणजे आपल्याकडे तोंड करून असते. वरची तोटी दुरुस्त करावयाची झाल्यास सर्व घराचे पाणी न अडविता एवढाच मार्ग बंद करता यावा, हाच अँगल कॉकचा खरा उपयोग. बहुतेक घरांत तो एकदा बसविल्यावर वर्षानुवर्षे कोणी फिरवीत नाही.

मी कपाटात डोके घालून विजेरी लावली. अँगल कॉकच्या पोटाखाली, मुठीच्या अगदी मागे, एक थेंब लोंबत होता. दर तीन सेकंदांनी तो पडे आणि त्याच्या जागी दुसरा येई. मुठीच्या मागे दांड्याभोवती जो षट्कोनी नट असतो तो ‘ग्लँड नट’. दांड्याच्या भोवतीची फट बुजविण्यासाठी तेथे सुताचे वेढे दाबून बसविलेले असतात आणि त्यांवर हा नट आवळलेला असतो. थेंब त्याच्याच खाली आहे, तेव्हा गळती त्याचीच, असा निष्कर्ष मी काढला. वर्गात मी मुलांना ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ यांतील भेद शिकवितो, हे येथे नमूद केले पाहिजे.

नट अष्टमांश वेढा आवळला. थेंब तसाच. पाव वेढा आवळला. मूठ फिरविणे जड झाले, थेंब तसाच. मग मी पान्याच्या दांड्याला दोन्ही हात लावले. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि पाण्याची धार माझ्या चष्म्यावर आली. जुन्या पितळेचा तो नट उभा तडकला होता.

पुढील पाव तासाचे वर्णन थोडक्यात करतो. मी गच्चीवर धावलो. टाकीच्या खालची मुख्य चावी गंजून घट्ट झालेली होती. ती काही केल्या फिरेना. खाली आई, ताई आणि मुले बादल्या, पातेली, घंगाळ मिळेल ते धारेखाली धरीत होती. अखेर भाऊजी पोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या काकांना घेऊन आले. हे काका रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ते खाली बसले, धारेतून हात घातला, अँगल कॉकची मूठ उजवीकडे चार वेढे फिरविली, आणि पाणी थांबले.

“मास्तर,” ते हात पुसत म्हणाले, “चावी तुमच्या नाकासमोर होती. गच्चीवर काय आणायला गेला होता?”

हे असे का झाले ते समजण्यासाठी तोटीच्या पोटात डोकावले पाहिजे. तोटीत एक आडवा पडदा असतो आणि पडद्याला गोल भोक असते. भोकाची कड म्हणजे ‘बैठक’. दांड्याच्या टोकाला एक रबरी चकती असते. तिला आपण ‘वायसर’ म्हणतो. मूठ उजवीकडे फिरविली की दांडा आपल्या आट्यांतून पुढे सरकतो आणि वायसर बैठकीवर जाऊन टेकतो. भोक बुजले, पाणी बंद. ग्लँड नट, त्यातील सूत आणि वरचे तोंड हे सर्व बैठकीच्या पलीकडे, म्हणजे पाण्याच्या प्रवाहात बैठकीनंतर येतात. म्हणून ग्लँड फुटली तरी बैठक बंद केली की तेथवर पाणी पोहोचतच नाही. दांड्याचे आटे ग्लँड नटात नसून त्याच्या आतल्या भागात असतात, त्यामुळे नट तडकला तरी दांडा आपले काम करू शकला. मला हे ठाऊक असते, तर दहा सेकंदांत काम झाले असते.

आट्यांच्या दांड्याने वायसर बैठकीवर दाबावयाची ही युक्ती फार जुनी नाही. इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या पितळी सामान करणाऱ्या कारखान्याने १८४५ साली तिचे पेटंट घेतले. त्यापूर्वीच्या तोट्या आपल्या पितळी पिंपाच्या तोटीसारख्या असत. निमुळत्या भोकात निमुळता खुंटा, खुंट्याला आरपार छिद्र. खुंटा पाव वेढा फिरविला की पाणी चालू, पुन्हा फिरविला की बंद. अशा तोट्या रोमन लोकांनाही माहीत होत्या. परंतु धातूवर धातू घासून आणि रेतीचे कण अडकून खुंटा झिजे व तोटी ठिबकू लागे. शिवाय ती एकदम बंद होत असल्याने, उंचावरून दाबाने येणारे पाणी अचानक अडले म्हणजे नळात घणाचा घाव बसल्यासारखा हादरा बसे. शहरोशहरी दाबाचे पाणी नळाने खेळू लागल्यावर, हळूहळू बंद होणारी आट्यांची तोटी सोयीची ठरली. आपल्या शहरात असे पाणी सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आजव्याच्या सरोवरातून आले; आज त्याच्या जोडीला महीकाठच्या विहिरींचेही पाणी मिळते. गंमत अशी की, अलीकडच्या पाव वेढ्यात बंद होणाऱ्या तोट्या पुन्हा त्या जुन्या फिरत्या तत्त्वावरच आल्या आहेत. फरक इतकाच की, त्यांच्यात खुंट्याऐवजी चिनीमातीच्या जातीच्या अतिशय कठीण व गुळगुळीत अशा दोन चकत्या एकमेकींवर सरकतात.

तोटी बंद करावयास बळ किती लागते? आमच्या टाकीतील पाण्याची पातळी सिंकच्या तोटीपासून सुमारे सहा मीटर उंच आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम, म्हणून सहा मीटरचा ०.६ किलोग्रॅम. बैठकीचे भोक १२ मिलिमीटर व्यासाचे धरले तर त्याचे क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा: पाण्याचे बळ ०.६८ किलोग्रॅम, म्हणजे पाऊण किलोहूनही कमी! आता मुठीचा परीघ सुमारे साडेबारा सेंटिमीटर आणि एका वेढ्यात दांडा दोन मिलिमीटर सरकतो असे धरले, तर आट्यांमुळे आपले बळ साठपटीहून अधिक वाढावयास हवे. त्यातील तीनचतुर्थांश घर्षणात गेले असे मानले तरी पंधरापट उरतेच. म्हणजे मुठीवर एक किलोचा जोर दिला की वायसरवर पंधरा किलोंचा दाब पडतो. गरज असते पाऊण किलोची. ज्या घरांत तोटी पिळून पिळून बंद करतात त्या घरांतील वायसरांवर बैठकीच्या कडेची खोल चरी का पडते, हे यावरून ध्यानात येईल. वायसर चिरला म्हणून तोटी ठिबकते, ठिबकते म्हणून अधिक पिळतात, आणि पिळतात म्हणून वायसर आणखी चिरतो.

त्या रात्री टाकीत काठी घालून पाहिले तो तळाशी वीतभर पाणी. बादल्या-पातेल्यांतून वाचविलेले पाणी आईने मोजून वाटले. पहाटे एकेक तांब्या अंगावर घेऊन नऊ जणांची अभ्यंगस्नाने उरकली. ताईच्या मुलांनी त्यास ‘मामाचे स्नान’ असे नाव दिले आहे आणि ते बहुधा आता कायमचे चिकटले. स्वयंपाकघरातील तोटी भाऊबिजेपर्यंत बंद राहिली. भांडी मोरीवर घासली गेली.

भाऊबिजेनंतर काकांनी नवा अँगल कॉक बसवून दिला. जुना काढताना त्यांनी जो वेळ घेतला तो पाहण्याजोगा होता. भिंतीतील नळ जुना, लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला. असा नळ आतून गंजलेला असल्यास अँगल कॉक फिरविताना त्याच्याबरोबर भिंतीतला तुकडाच पिळवटून तुटतो, आणि मग फरशी व भिंत फोडल्यावाचून गत्यंतर नसते. काकांनी सांध्यावर थोडे तेल सोडले, तासभर वाट पाहिली, मग आधी किंचित आवळण्याच्या दिशेने व नंतर सोडविण्याच्या दिशेने असे पुढेमागे करीत तो सुटा केला. नव्या घरांत भिंतीत प्लॅस्टिकचे नळ असतात. तेथे गंजाची भीती नाही, पण जादा जोराने भिंतीतला कोपरा तडकतो आणि ते आत कुठेतरी दिसेनासे गळत राहते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, भिंतीतून अँगल कॉक काढणे हे हौशी माणसाचे काम नव्हे. तेथे जाणत्या कारागिरालाच बोलवावे आणि त्याची मजुरी आनंदाने द्यावी.

नवा कॉक बसला. कनेक्शन पाइप पुन्हा जोडली. पाणी सोडले. सिंकखाली विजेरी धरली तर कॉकच्या पोटाखाली, मुठीच्या मागे, तोच थेंब लोंबत होता!

म्हणजे मी ज्या ग्लँड नटाला दोषी ठरवून फोडला, तो निर्दोष होता.

काका मात्र चकित झाले नाहीत. “थेंब लोंबतो ती जागा सर्वांत खालची असते, एवढंच,” ते म्हणाले. “आलाय कुठून ते बघायचं. तुमच्या खिशात खडू असेल ना?”

खडू होताच. काकांनी जुन्या धोतराच्या फडक्याने सर्व सांधे, नळी, कॉकचे अंग अगदी कोरडे पुसले. मग खडू कुटून त्याची पूड बोटाने प्रत्येक सांध्याभोवती, कॉकच्या अंगावर आणि नळीच्या विणीवर पातळ चोळली. आम्ही दोघे समोर बसून राहिलो. पाच मिनिटांत कनेक्शन पाइपच्या खालच्या नटाच्या कडेला, मागच्या बाजूस, जी भिंतीकडे असल्यामुळे मला दिसलीच नव्हती, पांढऱ्या पुडीवर एक करडी रेघ उमटली. ती कॉकच्या मानेवरून उतरली, पोटाला वळसा घालून पुढे आली आणि मुठीच्या मागे येऊन थांबली. तेथे थेंब तयार झाला. उगमापासून थेंबापर्यंतचे अंतर जेमतेम तीन बोटे, पण त्या तीन बोटांच्या अज्ञानाची किंमत मी एका कॉकने आणि टाकीभर पाण्याने मोजली होती.

खडू नसेल तर टीपकागदाच्या किंवा जुन्या वर्तमानपत्राच्या चिंध्या प्रत्येक सांध्याला स्वतंत्र गुंडाळाव्या. सर्वांत वरची जी चिंधी प्रथम भिजेल तेथे गळती. गळती फार मंद असेल तर रात्रभर थांबावे. पाण्यातील क्षार सुकून साचल्यामुळे जुन्या गळतीच्या जागी पांढरट किंवा हिरवट थर असतो, तोही साक्ष देतो.

कागद-खडूच्या आधी आणखी एक साधी परीक्षा करता येते, आणि ती मला सर्वांत अधिक आवडली, कारण तिच्यात हात ओले न करता केवळ विचाराने निम्मे उत्तर मिळते. अँगल कॉक बंद करा, आणि सिंकवरील तोटी क्षणभर उघडून नळीत कोंडलेला दाब सोडून द्या. सर्व पुसून अर्धा तास वाट पाहा. गळती थांबली, तर दोष बैठकीच्या पलीकडे आहे. ग्लँड, वरचा नट, कनेक्शन पाइप किंवा सिंकवरील तोटीचे बूड यांपैकी कोठेतरी. गळती चालूच राहिली, तर दोष बैठकीच्या अलीकडे, म्हणजे भिंतीच्या सांध्यात किंवा खुद्द कॉकच्या अंगात. येथे पाना खाली ठेवून कारागिराला निरोप धाडावा. आणि जर एरवी सर्व कोरडे असून भांडी घासतानाच तेवढे खाली ओले होत असेल, तर येणाऱ्या पाण्याचा यात संबंध नाही. जाणाऱ्या पाण्याची, म्हणजे सांडपाण्याच्या नळीची चौकशी करावी. अँगल कॉक बंद करूनही सिंकच्या तोटीतून पाणी येतच राहिले, तर मात्र आतला वायसर किंवा बैठक झिजली आहे. त्याने बाहेर थारोळे होत नाही, पण वेळ आली की हाच कॉक दगा देतो.

आता आमचा खरा अपराधी. कनेक्शन पाइपचा नट मूठभर जोरानेही सुटला. आत जी रबरी चकती होती ती दहाबारा वर्षांत इतकी कडक झाली होती की नखाने टोचली असता तिचा कपचा निघाला. काकांनी तिच्या जागी नवी चकती बसविली. चकतीची किंमत काही रुपये. मी मध्ये शहाणपणा करून पांढरी फीत पुढे केली. काकांनी ती बाजूला ठेवली आणि त्या निमित्ताने जे सांगितले ते मी कोणत्याही पुस्तकात इतके स्पष्ट वाचले नव्हते.

नळाचे सांधे दोन कुळांचे. एका कुळात आटेच पाणी अडवितात. भिंतीतला सांधा असा असतो. आट्यांत आटे बसले तरी मध्ये बारीक फट राहतेच. ती बुजविण्यासाठी पूर्वी सूत आणि सफेदा लावीत, आता टेफ्लॉनची पातळ पांढरी फीत गुंडाळतात. हा पदार्थ १९३८ साली रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला शीतयंत्रासाठी वायूचे संशोधन करीत असता अकस्मात सापडला. फीत आट्यांवर गुंडाळताना नळाचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आठदहा वेढे घ्यावयाचे. उलट गुंडाळली तर आवळताना ती उलगडून बाहेर येते. दुसऱ्या कुळात आटे पाणी अडवीतच नाहीत. ते केवळ नटाला खाली ओढून चकती दाबतात. पाणी अडविते ती चकती. कनेक्शन पाइपचा नट या कुळातला. येथे आट्यांवर कितीही फीत गुंडाळली तरी कडक झालेली चकती मऊ होत नाही. उलट फितीच्या जाडीने नट पुरता खाली उतरत नाही आणि आपली समजूत मात्र होते की तो घट्ट बसला. तेव्हा कोणत्याही सांध्याला हात लावण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न एकच: येथे पाणी नेमके कोण अडविते आहे?

चकती बदलणे हे काम आठवी-नववीतील विद्यार्थ्यालाही, घरच्या वडीलधाऱ्यांना सांगून, करता येईल. अँगल कॉक बंद करा, वरची तोटी उघडून नळीतले पाणी जाऊ द्या, खाली पसरट पातेले ठेवा. जवळपास पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची वा अन्य कसली विजेची वायर असेल तर तिचे बटण आधी बंद करा. ओल्या फरशीवर बसून विजेशी खेळू नये. नट सोडविताना दिशेचा घोटाळा हटकून होतो. हा नट वरून खाली, कॉकच्या तोंडावर उतरतो. म्हणून वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आवळतो. आपण मात्र कपाटात उताणे पडून त्याच्याकडे खालून पाहतो, आणि खालून तीच दिशा उलटी दिसते! वरून पाहात आहो अशी कल्पना करून मगच पाना लावावा. दुसऱ्या हाताने कॉकचे अंग धरून ठेवावे, म्हणजे नटाबरोबर भिंतीचा सांधा फिरणार नाही. जुनी चकती दुकानात नमुन्यासाठी न्यावी. नवी चकती सपाट बसली आहे ना ते पाहून नट आधी बोटांनी जाईल तितका फिरवावा, आणि मग पान्याने पाव वेढा. एवढेच. नळीची वीण कोठे तुटली असेल किंवा तिच्यावर गंजाचे डाग असतील तर चकतीच्या नादी न लागता नळीच बदलावी, कारण ती फुटली म्हणजे थेंब पडत नाही, धार लागते.

ग्लँड खरोखरच गळत असेल तर? त्याची खूण अशी की मूठ फिरविताना दांड्याभोवती पाणी पाझरते. प्रथम नट अष्टमांश वेढा आवळून पाहावा. पुष्कळदा तेवढ्याने भागते. न भागल्यास कॉक बंद करून, मूठ काढून, नट सोडवून, आतले सडलेले सूत सुईने उपसावे आणि ग्रीस माखलेल्या नव्या सुताचे दोनतीन वेढे दांड्याभोवती, नट ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने द्यावे. नट इतकाच आवळावा की मूठ दोन बोटांनी, किंचित जडपणे फिरेल. मूठ जड होऊनही गळती थांबत नसेल, तर नट आणखी आवळणे हे उत्तर नव्हे. मी ते उत्तर देऊन पाहिले आहे. नव्या पाव वेढ्याच्या कॉकमध्ये आवळण्याजोगे सूत नसतेच. त्याचे आतले यंत्र सबंध बदलावे लागते.

जाता जाता एक त्रैराशिक. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. आमचा थेंब दर तीन सेकंदांनी पडत होता, म्हणजे दिवसाला २८,८०० थेंब, म्हणजे १.४४ लिटर, वर्षाला सुमारे ५२५ लिटर, आमची भरलेली टाकी आणि वर दोन बादल्या. गळती क्षुल्लक नव्हती. परंतु त्या रात्री पाव तासात मी जे पाणी घालविले ते कमीत कमी शंभर लिटर तरी असेल. थेंबाला तितके पाणी सांडावयास सुमारे सत्तर दिवस लागले असते. हे उत्तर मी काकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तेवढ्या दिवसांत तुमचा कारागीर गावाहून दोनदा जाऊन आला असता.”

गच्चीवरील मुख्य चावी आम्ही नंतर बदलून घेतली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आणि घरातील सर्व अँगल कॉक एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडण्याचे काम आईने माझ्याकडे दिले आहे, आणि मी ते केले की नाही हे ती विचारते. रांगोळीचा डबा आता देवघराच्या फडताळात असतो. तडकलेला ग्लँड नट आणि कडक झालेली ती चकती मी शाळेच्या प्रयोगशाळेत, उजवीकडच्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवली आहेत. चकतीवर कॉकच्या तोंडाची गोल चरी भिंगाखाली फार स्पष्ट दिसते. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी मधल्या सुटीत यावे.